तुमचा समुद्र सांडतो

गेल्या आठवड्यात दत्ताभाऊंच्या मुलीचा फोन आला, संगमेश्वरहून. "काकू, बाबा गेले हो. परवा सकाळी." मी गॅस बारीक केला आणि तिथेच पाटावर बसले. दोघी थोडं बोललो, काय झालं, कसं झालं. मग ती जरा घुटमळली. "काकू, बाबांचा एखादा बरा फोटो आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे एकही नाही. सगळ्या रत्नागिरीचे फोटो काढले आणि स्वतः कशातच नाहीत. तुमच्या गळ्यात सारखा कॅमेरा असायचा, म्हणून विचारलं."

म्हटलं, "नाही गो. माझ्याकडे नाही."

फोन ठेवला तो खाली भात लागलेला. तसाच ठेवला. खोटं नव्हते बोलले, फोटो खरंच नाही. का नाही, ते मात्र तिला फोनवर कसं सांगायचं? नुकताच बाप गेलेल्या मुलीला कोणी असलं सांगतं काय?

दत्ताभाऊंचा स्टुडिओ बाजारातून खाली उतरणाऱ्या घाटीवर होता. तीन पायऱ्या, काचेचं दार, आत हिरवा पडदा आणि एक स्टूल. माणूस उंच, काटकुळा. शर्टाच्या खिशात नेहमी तीन वस्तू: भिंग, भिंगं पुसायचा मऊ ब्रश आणि दुसरा एक बारीक ब्रश, त्याच्या टोकाला पांढरा रंग सुकलेला. हा दुसरा कशाला ते सांगते. मे संपत आला की फोटोचं गिऱ्हाईक कमी व्हायचं आणि दत्ताभाऊ पायरीवर बसून लोकांच्या छत्र्यांवर नावं घालायचे. काळं कापड, पांढरा ऑइलपेंट. लोक आद्याक्षरं घालून मागायचे तर ते ऐकायचे नाहीत. "त्याच आद्याक्षरांच्या छत्र्या अर्ध्या रत्नागिरीत आहेत. देवळाबाहेर कोणीही उचलून नेईल. पूर्ण नाव घाला." अक्षर असं देखणं की पावसात छत्री उघडायला आनंद वाटावा. त्यांचा 'ध' तर मी अंधारातही ओळखला असता, त्याच्या पोटात ते जिलबीसारखी एक गाठ मारायचे.

मी पहिल्यांदा ह्यांची छत्री घेऊन गेले तेव्हाची गोष्ट. "नाव काय घालू, वहिनी?"

"ह्यांचं घाला."

"ह्यांचं म्हणजे?"

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी कधी मी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. आता हसाल तुम्ही, पण सवय ती सवय. दत्ताभाऊंना ह्यांचं नाव चांगलं ठाऊक होतं, दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचे. पण ब्रश बुडवून तयार, आणि चेहरा एकदम गंभीर. "मग मी नुसतं 'हे' असंच घालतो. छत्री हरवली तर ज्याला मिळेल तो ओरडत फिरेल, हे कोणाचे, हे कोणाचे!" मी हसत पायरीवरच बसले. शेवटी त्यांनीच घातलं: मधुकर शेट्ये. आता बघा, लिहिताना हात अडला नाही. पुढे ते येईलच.

फोटो काढताना त्यांचा एकच शब्द असायचा. "श्वास!" म्हणजे श्वास धरा. समोरचा छाती फुगवून बसायचा. मग दत्ताभाऊ उजेड बघण्यात, हनुवटी अर्धा इंच वर घ्यायला सांगण्यात असे रमायचे की "सोडा" म्हणायचं विसरायचे. आमच्या आळीतल्या सगळ्यांच्या ओळखपत्रांवरचे चेहरे विहिरीत उडी मारायच्या आधीचे आहेत ते त्यामुळे.

तर कॅमेरा. मला तो का हवासा झाला? श्रावण-भाद्रपदात आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या त्या जांभ्याच्या माळावर, सीतेची आसवं फुलतात. तांदळाच्या दाण्याएवढं जांभळं फूल, आणि माळभर पसरलेली. मोबाईलवर काढली की नुसती जांभळी साय आल्यासारखी दिसायची. मुलीला मुंबईला पाठवलं तर ती विचारते, "आई, सतरंजी घेतलीस?" मी हट्टाला पेटले. वय त्रेसष्ट, शिक्षण सातवी, हातात शिवणकाम. हे म्हणाले, "दत्ताभाऊला विचार. दुकानात गेलीस तर गळ्यात काहीही बांधतील."

दत्ताभाऊ कॅमेरे विकतही असत. दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी एक खोका हातात देऊन मोकळा झाला असता. दत्ताभाऊंनी मला पंधरा दिवस राबवलं. पहिल्या दिवशी कापडी पिशवीत वाळू भरली, काट्यावर तोलली आणि पट्ट्याने माझ्या गळ्यात अडकवली. "मोठ्या कॅमेऱ्याचं भिंगासकट वजन एवढं. आजचा दिवस घालून वावरा." मी वाळू गळ्यात घालून भाकऱ्या थापल्या, कपडे वाळत घातले. दुपारी पिशवी मंगळसूत्रात अडकली. हे ओसरीवर बसून बघत होते. म्हणाले, "एक घुंगूर बांधलंन असतं तर हरवली नसतीस." संध्याकाळी मान धरली. दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊंनी निकाल दिला, "मोठा बाद. बिनआरशाचा घ्यायचा." आत आरसा नसलेला तो हलका कॅमेरा असतो ना, त्याला ते बिनआरशाचा म्हणायचे.

मग डोळे मिटायला लावले आणि एकेक कॅमेरा हातात दिला. "बघायचा नाही. अंगठा आपोआप कुठे जातो ते सांगा. बटण शोधावं लागलं तर तो कॅमेरा तुमचा नव्हे." मी विचारलं मेगापिक्सेलचं, कारण मुलीने ते विचारायला सांगितलेलं. त्यावर ते म्हणाले, "वहिनी, पंगतीला पानं किती मांडली ह्यावरून आमटी कशी झाली ते कळतं काय? तुम्हाला रस्त्यावर फलक लावायचाय? नाही ना? मग सोडा." झूमबद्दल म्हणाले, शेजाऱ्याच्या परसात डोकवायची हौस असेल तर घ्या, फुलासाठी जवळचं दिसणारं भिंग वेगळं मागा. पडद्यापेक्षा डोळा लावायची खिडकी हवी, सड्यावरच्या उन्हात पडदा आंधळा होतो. आणि आपल्याकडच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा, तांदळात पुरू नका, कोंडा आत जातो. मी पापडाचा डबा रिकामा केला. पापड पिशवीत गेले आणि नरम पडले, ते हे वर्षभर बोलून दाखवत होते.

असा शिकवणारा मला शाळेतही भेटला नव्हता. आठवड्याला मी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन जायची, ते त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवायचे आणि एकेक फोटो बघायचे. माझं उजवं मनगट पूर्वी मोरीत घसरून मोडलेलं, ते थोडं वाकडंच बसलंय. त्यामुळे कॅमेरा माझ्या हातात कलतो, मला कळतही नाही. समुद्राचा फोटो काढला की पाणी उजवीकडे उतरतं. दत्ताभाऊ भिंग नाकाशी धरून म्हणायचे, "वहिनी, तुमचा समुद्र सांडतो. फडकं आणू?" मग कॉम्प्युटरवर फोटो फिरवून सरळ करायचे, फिरवल्यामुळे कोपरे जायचे ते छाटायचे. "कोपऱ्यात थोडं काळं राहू द्यायचं," हे त्यांचं दुसरं सांगणं. "नाहीतर फोटो उडून जातो." कौतुक मात्र कधी नाही. कितीही बरा आला तरी "हां. ठीक आहे." एवढंच. मला वाटायचं गुरू असाच असतो.

मार्गशीर्षात आम्ही दोघं हेदवीला गेलो. दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं आणि मग खाली समुद्राकडे बामणघळीला. तिथे कातळाला अरुंद चीर आहे. भरतीची लाट त्यात शिरली की पाणी आवाज करत झाडाएवढं वर उडतं. मी एका दगडाला टेकून डोळा लावून बसले. हे पुढे, उन्हासाठी छत्री खांद्यावर टाकून पाण्याकडे तोंड करून उभे. एक लाट आली ती अशी आली की विचारू नका. पाणी वर उडालं, त्यातून ऊन आरपार गेलं, आणि हे मान वळवून मला विचारतायत, "गावला काय गो?" त्याच क्षणी मी बटण दाबलं. मला माहीत होतं, गावला. पडद्यावर बघितलंही मी, उन्हात नीट दिसेना, पण ह्यांचे दात दिसले. हे फोटोत कधी हसत नसत.

दुसऱ्या दिवशी कार्ड दत्ताभाऊंकडे दिलं. "ह्यातला एक मोठा करून द्या. हे हसलेत त्यात." आठवड्याने गेले तर म्हणाले, "वहिनी, वाईट झालं. कार्ड जळलं. मशीनला लावलं आणि गेलं. खूप खटपट केली, काही हाती लागलं नाही." दुसरं नवं कोरं कार्ड माझ्या हातात ठेवलंन. चेहरा इतका पडलेला की मीच त्यांची समजूत काढली. घरी आल्यावर हे म्हणाले, "रडतेस काय? पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा जाऊ. मी पुन्हा हसेन."

फाल्गुनात हे गेले. आंघोळीला पाणी काढलं होतं, ते तसंच राहिलं.

बाराव्याला लावायला फोटो हवा. घरात एकही धड नव्हता. मी बायकामुलांचे, फुलांचे, मांजरांचे काढले, आणि माझा माणूस नेहमी फोटोच्या बाहेर उभा, माझी पिशवी धरून. दत्ताभाऊ स्वतः घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि मला विचारलंन, "वहिनी, दुसरा कुठला फोटो नाही ना?" हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी ट्रंक उपसली. शेवटी त्यांनीच पूर्वी काढलेला ओळखपत्राचा फोटो मिळाला, श्वास धरलेला. तो त्यांनी मोठा केला, तेव्हा नाक-डोळे विरघळले. शर्टाची कॉलर फाटकी दिसत होती म्हणून त्यावर कोट चढवला. टायसकट. एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर ग्रीसमध्ये हात घातलेला माझा माणूस, लग्नातही ज्याने कोट घातला नाही, तो भिंतीवर टाय लावून बसला. येणारे म्हणायचे, छान आहे फोटो. मी दिवा लावताना वर बघायची नाही. कोणा परक्या साहेबाला ओवाळल्यासारखं वाटायचं.

त्यानंतरचा जानेवारी. मी सुमनच्या गिरणीत तांदूळ दळायला गेले होते. भिंतीवर एका पतपेढीचं नवं कॅलेंडर लटकत होतं. ह्या कॅलेंडरवर दरवर्षी दत्ताभाऊंनी काढलेलाच फोटो असायचा, त्यांना त्याचा मोठा अभिमान. चार दिवसांत त्यावर पीठ बसलेलं. तरी पाणी उडालेलं कळत होतं. मी म्हटलं, "सुमन, ही बामणघळ काय गो?"

"असंल. मी खंय गेलंय तिकडं!"

मी पदराने पीठ पुसलं. पाणी, त्यातलं ऊन, कातळ. समुद्र अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखा. किती सुंदर काढलाय, असंच पहिल्यांदा मनात आलं, खरं सांगते. मग उजव्या कडेला काहीतरी काळं दिसलं. कोपऱ्यातलं काळं. तिथलंही पीठ पुसलं. छत्रीचा तुकडा होता तो. त्यावर पांढरी दोन अक्षरं. 'मधु'. आणि 'ध'च्या पोटात जिलबीची गाठ.

पुढचं नाव कापलेलं. नावाच्या पुढे खांदा होता, खांद्यावरून वळलेलं तोंड होतं, ते सगळं कापलेलं. खाली बारीक छापलेलं, छायाचित्र: आणि दत्ताभाऊंचं पूर्ण नाव. आद्याक्षरं नव्हेत, पूर्ण.

जन्मभर मी जे उच्चारलं नाही ते अर्धं नाव गिरणीच्या भिंतीवर होतं, आणि मी ते मोठ्याने वाचलं. सुमन म्हणाली, "काकू, कोणाला हाक मारताव?"

"सुमन, हे कॅलेंडर मला दे."

"न्या वो. पण तारखा नको नेव, गॅसचा नंबर लिवलाय त्याच्यावं." आणि तिने बिचारीने वरचं चित्र फाडून दिलं, तारखा ठेवून घेतल्या.

तशीच, पिठाचा डबा काखेत घेऊन घाटी उतरले. दत्ताभाऊ एकटेच होते, स्टूल पुसत होते. मी चित्र काउंटरवर पसरलं. त्यांचा चेहरा खुलला हो! अजूनही तेच आठवतं. "बघितलंत काय, वहिनी? कसा वाटला?"

त्यांना कळलंच नव्हतं, फोटोत ह्यांची खूण राहिलीय ते. छाटताना ते काळं त्यांना हवं होतं म्हणून ठेवलं, आणि त्यावरची अक्षरं दिसली नाहीत, कारण ती त्यांचीच होती. आपण रोज गिरवतो ते अक्षर आपल्याला कुठे दिसतं?

मी बोट ठेवलं. "हे अक्षर कोणाचं, दत्ताभाऊ?"

त्यांनी खिशातून भिंग काढलं, वाकले. दोन्ही अक्षरांवरून ते फिरवलं. "माझं."

"आणि नाव कोणाचं?"

त्यांनी भिंग परत खिशात ठेवलं.

"कार्ड जळलं म्हणालात."

"जळलंच होतं, वहिनी. त्यातून कसाबसा एकच..."

"मला दुसरा कुठला फोटो नाही ना विचारलंत. माझ्या ओसरीवर बसून. माझ्या हातचं पाणी पिऊन."

तेव्हा ते स्टुलावर बसले. जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे. दोन्ही हात पुढे केले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं, बोटं थरथरत होती, पाण्यावर पान हलतं तशी. म्हणाले, "तीन वर्षं झाली. एक फोटो स्थिर येत नाही माझा. मशीनवर तुमचा बघितला आणि... असा मला जन्मात मिळाला नाही, वहिनी. मोडक्या हाताने तुम्ही काढलात. वाटलं एकदाच. कॅलेंडर निघालं की कार्ड सापडलं म्हणून देणार होतो. मग मधुकरराव गेले. मग कसा देऊ? काय म्हणून देऊ?"

"फोटो आहे म्हणून द्यायचा," मी म्हटलं. "ह्यांच्या अंगावर कोट चढवायच्या आधी."

ते उठले. वरच्या फळीवर जुन्या रिळांच्या काळ्या डब्या ओळीने होत्या. त्यातली एक काढली. आत माझं कार्ड, कापसात गुंडाळलेलं. बुरशी धरू नये म्हणून ओलावा शोषणारी पुडीसुद्धा घातली होती. म्हणजे बघा! जे चोरलं ते इतकं जपलं. त्यांनी एक शिवी दिली असती, नाही म्हणाले असते, तरी मला सोपं गेलं असतं. त्या पुडीने माझा जीव जास्त जळला. पंधरा दिवस वाळू गळ्यात बांधून मला पाहायला शिकवलंन, आणि शेवटी मीच पाहिलेलं माझ्यापासून लपवलंन. मी डबी घेतली. पिठाचा डबा तिथेच विसरले, तो परत आणायला गेले नाही.

फोटो दुसरीकडे छापून घेतला. काउंटरवरची बाई म्हणाली, "आजी, समुद्र तिरका आलाय. सरळ करून देऊ?"

"नको," म्हटलं. "सांडू दे."

आता भिंतीवर तोच आहे. पाणी उजवीकडे उतरतंय, ह्यांच्या अंगावर सांडतंय, आणि हे मान वळवून विचारतायत, गावला काय गो? कोटवाला ट्रंकेत आहे. पहिल्यांदा हा फोटो लावला तेव्हा मी समोर उभी राहून नाव घेतलं. आता तर अर्धं घेऊनच झालं होतं.

दत्ताभाऊंना पुन्हा पाहिलं ते त्याच वर्षी मे अखेरीस. घाटी टाळून मी लांबच्या रस्त्याने जायची, त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून तिथून उतरले. ते पायरीवर, गुडघ्यांत छत्री धरून. अक्षरं थरथरत होती, ओळ चढत-उतरत होती, तरी चार छत्र्या बाजूला वाट बघत होत्या. मी दिसले तसा ब्रश थांबला. माझ्या हातात नवी छत्री होती, बिननावाची. त्यांनी ती बघितली आणि हात पुढे केला. "द्या, वहिनी. नाव घालतो. तुमचं."

मी छत्री दिली नाही. का कोण जाणे, कॅमेरा उचलला आणि डोळ्याला लावला. त्या खिडकीतून ते छान दिसत होते. बाजूला काळ्या छत्र्या, वरून तिरका उजेड. त्यांनी ब्रश खाली ठेवला. केसांवरून हात फिरवला. हनुवटी अर्धा इंच वर घेतली, कोणी न सांगता. मग स्वतःलाच हळू म्हणाले, "श्वास," आणि छाती भरून थांबले.

मी बघत राहिले. थांबले होते ते. हातसुद्धा थरथरत नव्हते.

बटण न दाबताच मी कॅमेरा खाली घेतला, भिंगाला झाकण लावलं आणि घाटी उतरले. वळणावर मागे बघितलं, तर ते अजून तसेच बसलेले, हनुवटी वर.

"सोडा" म्हणायचं माझ्याही तोंडून राहिलं.